दारावरचे कागद

३ जुलै, सकाळी ६:४०
आजपासून रोज सहाला उठणे. (आजची चाळीस मिनिटं धरत नाही.)
अर्बन डिझाइनच्या मास्टर्सची मुदत दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा मिळत नाही. सप्टेंबरमध्ये थीसिस पास झाला नाही तर चार वर्षं आणि नगरपालिकेतली सोडलेली नोकरी, दोन्ही पाण्यात. घाबरून लिहीत नाही. नुसती नोंद.
वर्गातली मुलं चोवीस-पंचविशीची, मी त्रेचाळीसची. त्यांच्याकडे वेग आहे, माझ्याकडे परिपक्वता. परिपक्व माणसाला विषय सापडायला वेळ लागतो.

९ जुलै
विषय सापडला! कलिंगड घेऊन घरी येताना. आमच्याच बिल्डिंगचं दार.
बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या आमच्या या वसाहतीत माणूस गेलं की दारावर काळ्या चौकटीचा, फोटो आणि अंत्यविधीची वेळ असलेला कागद लागतो. मग चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. आमच्या दाराची काच त्यामुळे दिसतच नाही. कलिंगड सांभाळत मी किल्ली शोधत होते आणि तेवीस मृत माणसं माझ्याकडे बघत होती. बाबाही. त्यांचा दोन वर्षांचा कागद उन्हाने निळा पडलाय.
थीसिस: दार मोकळं करायचं. कागदांसाठी वेगळी, सुंदर जागा निर्माण करायची. लिंडनच्या झाडाखाली, तीन पायवाटा मिळतात तिथे. काचेचा बोर्ड, दिवा, बाक.
आईला सांगितलं. दाराला हात लावू नकोस, एवढंच म्हणाली आणि मिरच्या भाजत राहिली. तिला मोठं चित्र दिसत नाही.

१५ जुलै
प्रोफेसर हाजियेवाबाईंना कल्पना आवडली. म्हणजे, त्यांनी नाही म्हटलं नाही. अट एकच: नुसती चित्रं चालणार नाहीत. खरा बोर्ड उभा करा आणि लोक तो खरंच वापरतात हे आकड्यांत दाखवा. नाहीतर येऊ नका.
सोपं आहे. लोक वापरतीलच.

२८ जुलै
बिल्डिंगचे व्यवस्थापक दोन्चोकाका. परवानगीला गेले तर म्हणाले, दारावर कागद लावायला आजवर कोणी परवानगी मागितली नाही, काढायला का लागते ते घरी जाऊन विचार कर. मग सही दिली. हे मी संमती म्हणून नोंदवलंय.
मॉडेल पूर्ण. बोर्डासमोर कागदाची अठरा माणसं चिकटवली. फार जिवंत वाटतं.

८ ऑगस्ट
बोर्ड उभा राहिला. मदतीला कोणी आलं नाही, फक्त चौथ्या मजल्यावरचे ग्रोझदानकाका. ट्रॉलीबस चालवायचे, आता रिटायर्ड. सगळे नट त्यांनी आवळले, दोन तास, उन्हात. मग मागे सरकून बघत म्हणाले, म्हणजे मी गेलो की मी इथे? म्हटलं, हो, आणि दिव्याखाली. ते हसले. म्हणाले, पोरी, घरातल्या सपातांत माणूस दारापर्यंतच येतो.
त्यांना लोकांच्या येण्याजाण्याचा फ्लो-डायग्राम दाखवला. सगळे बाण बोर्डाशीच येतात. बराच वेळ बघत होते.

११ ऑगस्ट
आई गावी गेली, टोमॅटो-मिरच्यांच्या बरण्या भरायला. योग्य वेळ. तेवीसही कागद हलवले, लोहचुंबकांनी एका रेषेत लावले. बाबांना मधली जागा दिली.
दार स्वच्छ! पहिल्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन आल्या, दाराकडे बघून क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, देवाची कृपा, कोणी गेलेलं नाही.
प्रतिक्रिया: सकारात्मक.

१९ ऑगस्ट
बाल्कनीतून मोजणी, रोज चार तास. आठवड्यात बोर्डापाशी थांबलेली माणसं: दोन. त्यातला एक बुटाची नाडी बांधत होता. पण त्याने ती तिथेच बांधली, हे महत्त्वाचं.
ताजा कागद नाही म्हणून कोणी बघत नसावं. जुनी बातमी कोण वाचतं. हे लिहिताना जरा कसंतरी झालं. तरी मुद्दा बरोबर आहे.

२८ ऑगस्ट
ग्रोझदानकाका गेले. पहाटे, हॉस्पिटलात. भला माणूस.
सकाळी आठला त्यांचा पुतण्या दारावर कागद लावून घाईत निघून गेला. साडेआठला मी तो बोर्डावर हलवला. फोटोत ट्रॉलीबसचा युनिफॉर्म आहे. अंत्यविधी उद्या अकराला.
उद्या नऊ ते एक मोजणी चुकवून चालणार नाही. पहिलाच ताजा कागद. स्मशानात गेले तर आकडे तुटतील. काकांच्या पत्नी पेन्कामावशी समजून घेतील. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसणे. नक्की.

२९ ऑगस्ट
थांबलेले: पाच. प्रगती. (दोघांचे कुत्रे थांबले म्हणून.)
संध्याकाळी मावशींकडे गेले नाही. आतून भांड्याचा आवाज येत नव्हता. विश्रांती घेत असतील.

३ सप्टेंबर
आई परत आली. बरण्या खाली ठेवल्या आणि तशीच वर पेन्कामावशींकडे गेली. तासाभराने खाली आली.
स्मशानात मावशी, पुतण्या, पाद्री आणि डेपोतला एक जुना सोबती. बस. अंत्यविधीनंतर मृताच्या नावाने वाटायला मावशींनी साठ माणसांचे गहू उकडले होते, साखर पेरून. पातेलं भरलेलंच परत आणलं. आमच्या दारातून तीस घरं येतात-जातात. एकतीस वर्षांची ओळख. सगळ्यांनी दोन दिवस दार बघितलं, दार कोरं होतं.
आईने विचारलं, "तू कुठे होतीस?"
म्हटलं, बाल्कनीत.
तिने बरण्या एकेक पुसून फळीवर लावल्या. मी मदत करायला गेले तर म्हणाली, राहू दे.

५ सप्टेंबर
ऑगस्टमध्ये निम्मी वसाहत समुद्रावर असते. तसंही कोण आलं असतं. एका घटनेवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे.
दारावर बोर्डाकडे नेणारा बाण हवा होता, एवढीच त्रुटी. बाणाचे चार नमुने काढले. तिसरा चांगला जमलाय.
पेन्कामावशींकडे उद्या जाणे.

६ सप्टेंबर
पाचवा नमुना.

१० सप्टेंबर
सकाळी बघते तर कागद पुन्हा दारावर. बोर्ड रिकामा, चुंबकं खाली एका डब्यात नीट ठेवलेली. दोन्चोकाकांना विचारलं नाही. बाबांचा कागद आईने लावला असणार, तो नेहमी थोडा तिरका लागतो.
ग्रोझदानकाका मधोमध, कुलपाच्या वर. लोक येतात, किल्ली काढतात आणि थांबतात. पहिल्या मजल्यावरच्या बाई पिशव्या जमिनीवर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मग वर न जाता परत बाहेर गेल्या आणि फुलं घेऊन आल्या.
सवयीने मोजलं. तासाभरात एकोणीस.
पूर्ण प्रोजेक्टमधला हा सर्वांत मोठा आकडा आहे. थीसिसमध्ये घालता येत नाही.

२२ सप्टेंबर
सादरीकरण. मॉडेलचं कौतुक झालं. बाकाचंही.
मग हाजियेवाबाईंनी बोर्डाचा फोटो मोठा करायला सांगितला. चष्मा वर सरकवून ग्रोझदानकाकांच्या कागदावरची तारीख वाचली आणि विचारलं की या गृहस्थांच्या अंत्यविधीला किती लोक होते. मी "ऑगस्टमध्ये" असं सुरू केलं. मग म्हटलं, चार.
आणि तुम्ही?
मी मोजत होते, म्हटलं.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
निकाल: सहापैकी तीन. तीन म्हणजे पास. म्हणजे मी आता अर्बन डिझायनर आहे. आईला फोन केला. बरं झालं, म्हणाली. ब्रेड घेऊन ये, म्हणाली.

४ ऑक्टोबर
दुपारी दारावरची बेल वाजली. पेन्कामावशी. मला वाटलं आता बोलतील. दोन वाक्यं मी महिनाभर तयार ठेवली होती, ती आठवेनात.
त्या फक्त एवढंच म्हणाल्या की चाळीस दिवसांचा कागद करायचाय, पुतण्याला वेळ नाही, तू शिकलीस, तूच कर.
कॉम्प्युटरवर तयार नमुना होता. सगळ्यांचा तोच असतो. नाव घातलं, वय, फोटो, चर्चची वेळ. मावशींनी पर्समधून चष्मा काढला आणि पडद्याजवळ येऊन सावकाश वाचू लागल्या, ओठ हलवत. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. 'आमच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.'
"ही ओळ काढ," म्हणाल्या.
पूर्ण काढू का, विचारलं.
"पूर्ण. कोणाचे मानू?"
रागाने नाही म्हणाल्या. खरंच विचारल्यासारखं म्हणाल्या.
ओळ काढली. कागदाच्या तळाशी तीन बोटं जागा कोरी राहिली. म्हटलं, फोटो मोठा करून भरून काढते.
नको, राहू दे, म्हणाल्या.
बारा प्रती छापल्या.