कबुतरवाल्याची साक्ष

रविवार, ४ मे

सात! निदान तीस हवं. वाळवंटाकाठच्या आमच्या झरका शहरात बारा महिने ऊन रणरणतं, आणि माझ्या रक्तात ड जीवनसत्त्व औषधालाही नाही! डॉक्टर लुबना म्हणाल्या, "थेंब घ्या. शिवाय रोज हातापायांना ऊन लागू द्या. या वेळी हयगय नको."

या वेळी! पहिल्या खेपेला, रीमाच्या वेळी, कुणी सांगितलं होतं? दहा दिवसांची असताना आचके आले तिला. अंगात कॅल्शियम कमी — माझ्यातच 'ड'ची कमतरता, तर तिला मिळणार कुठून? सासूबाई म्हणत राहिल्या, दृष्ट लागली. वाचली पोर. पण पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात.

मंगळवार, ६ मे

गच्चीवर गेले. बाह्या दुमडल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत. सहा महिन्यांचं पोट घेऊन चार जिने — धाप लागली! पण काय बरं वाटलं.

शेजारच्या गच्चीवर अबू नायिफ कबुतरं उडवत होता. त्याचं घर एक मजला उंच, चादर बांधूनही उपयोग नाही. मी पाठ फिरवून बसले.

शुक्रवार, ९ मे

बोंबाबोंब! मशिदीबाहेर अबू नायिफ माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तुझी बायको गच्चीवर उघडी बसते." मुतसिम लालबुंद होऊन घरी. वर सासूबाईंनी तेल ओतलं — "आम्हाला नाही का पोरं झाली? थेंब घे आणि गुमान खाली बस!"

मी म्हटलं, "कबुतरवाला लोकांच्या गच्च्यांत डोकावतो, म्हणून त्याची साक्ष काझीसुद्धा घेत नाही. आणि तुम्ही घेता?"

मुतसिमला हसू फुटलं. दाबलं त्याने. मग म्हणाला, "तरी पण..."

तरी पण काही नाही! लोक चार दिवस बोलतील. बाळाची हाडं जन्माची.

शनिवार, १० मे

गेले.

सोमवार, १२ मे

गेले. अबू नायिफने शीळ घातली. मी ओरडले, "काका, खुराड्यात मांजर शिरलं बघा!" असा धावला! मांजर कुठलं आलंय?

बुधवार, १४ मे

सासूबाई वर आल्या. वाटलं, आता फरफटत नेणार. "सरक," म्हणाल्या, आणि शेजारी बसून झगा गुडघ्यांवर घेतला. दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले. लग्नाच्या सहा वर्षांत मी पाहिले नव्हते.

"मुतसिमच्या आधी दोन झाले होते मला," म्हणाल्या. "दोघंही आचके येऊन गेले. दृष्ट लागली म्हणून पुरले."