पहिली मरळ तुमच्या ओसरीवर

गोविंदा भाऊ, रामराम.

मेलेल्या मानसाले कोनी चिठ्ठी लिहिते काय? सासू म्हनते, "शेवंता, तुले येड लागलं." लागू दे! जित्त्या मानसापाशी बोलून बोलून थकली मी. उद्या सकाळी कुरखेड्याहून जेसीबी येऊन राह्यला. तुमचा सुधीर तुमची बोडी, ते अख्खं तळं, बुजवनार हाय, भाऊ. जमीन सपाट करून विकाची म्हने. ज्या बोडीत आमी ढिवरांच्या बाया उन्हाळाभर मासे धरतो, तेच बोडी. आता तुमाले नाई सांगू त कोनाले सांगू?

मी नवी सून होऊन आली, तवाचं आठवते काय तुमाले? साऱ्या बाया जाळं घेऊन बोडीच्या बांधावर, पाळीवर बसलेल्या, पन पान्यात कोनीच उतरे ना. मी सासूले इचारलं, "बसल्या काऊन?" ते म्हने, "मालकाच्या शब्दाबिगर पाय भिजवाचा नाई." मंग तुमी आले, डोक्यावर छत्री, गळ्यात तुळशीची माळ. म्हनाले, "उतरा वो बायाहो! पन बारके बारके सोडून देजा." दरसाली एवढंच बोलत होते तुमी.

आनि जाळ्यात आलेली पहिली मरळ मासोळी तुमच्या ओसरीवर! तुमी माळकरी, अंड्याचा वास आला तरी नाक दाबनारे. तरी आमी जित्ती मरळ टोपलीत घालून तुमच्या दारात हाजीर. तुमच्या घरची काकू आतून ओरडे, "आल्या वो अवदसा!" तुमी दुरूनच टोपलीले हात जोडा आनि म्हना, "पावली. न्या आता, लेकरायले खाऊ घाला." मंग काकू हासत हासत ओसरी धुवे. आभार मानाची आमाले सवय नाई, भाऊ. तो शब्द आमच्या तोंडात बसतच नाई. म्हनून मरळ. पावसाच्या आधी पाळीवर माती टाकाले आमी बिनबोलावता येत होतो, तेबी त्याचसाठी.

तुमी गेले तवा बोडीत गुडघाभर पानी उरलं होतं. शब्द कोनाचा घ्याचा, कोनाले समजे ना. सासू म्हने, "पहिली मरळ घेतल्याबिगर मालक कसे जाईन? नेऊन ठेव त्यायच्या फोटोपुढं." मले खरंच वाटलं, भाऊ! एकच मरळ धरली आनि ऐन तुमच्या तेरवीले टोपली फोटोसमोर ठेवली. त ते मेली उसळली ना! सरळ हारात जाऊन पडली. तुमची सूनबाई किंचाळली. भटजी ताडकन उभे राह्यले. सुधीर भाऊनं लाथेनं टोपली अंगणात उडवली.

"माझा बाप माळकरी होता! त्याच्या तेरवीला मासोळी आणता? थट्टा करता काय?"

मी टोपली उचलत म्हनलं, "दरसाली आनतो जी आमी. काकू जित्त्या असत्या त त्यायनंच सांगतलं असतं."

"आणि बोडीत उतरता ते कोणत्या हक्कानं?"

हक्क कुठी होता, भाऊ? तुमचा शब्द होता, तो तुमच्यासंगं गेला. तेरवीपासून कितीकदा सुधीर भाऊच्या दारात जाऊन उभी राह्यली, दारच उघडत नाई तो.

रागावू काय तुमच्यावर? रागावतेच! पोराले काऊन नाई सांगतलं? दिवाळीले येत होता तो नागपूरहून. एक दिवस पाळीवर आनून दाखवाचं नाई त्याले? आमी काय आनतो, काऊन आनतो, एवढं सांगाले तोंड दुखत होतं? माफ करा, जीभ सुटली. पन बोलल्याबिगर राहवून नाई राह्यलं.

आमचे हे तेलंगणात मिरची तोडाले गेले हायेत. दरसाली मी मांगं राहते, ते या बोडीच्या भरवशावर आनि सासूपायी. तिले दोन्ही डोळ्यांनी दिसत नाई. बोडी गेली त मलेबी मिरचीवर जावं लागन. मंग तिले कोनापाशी ठेवू? संगं नेलं त त्या उन्हात, त्या ठसक्यात बुढी टिकनार नाई. काल म्हने, "तू जा वो पोरी. मी भिताडाले धरून धरून मटक्यापाशी जाईन." आयकून चुलीपुढं ढसाढसा रडली मी. काई सुचून नाई राह्यलं, भाऊ! पोराच्या सपनात या ना! एकदा या! तुमचा शब्द त्याच्या कानात टाकून जा!

उद्या मी जेसीबीच्या आधी पाळीवर जाते. मासोळी नाई, जाळं नाई, रिकाम्या हातानं. त्याच्या पायावर डोकं ठेवीन आनि म्हनीन, "तुमच्या बापानं आमाले जगवलं. हे तोंडानं सांगाचं राहून गेलं होतं, ते सांगाले आली." आयकलं त आयकलं.

आनि नाई आयकलं, पाळ फुटली, त बुढीले पाठीवर घेऊन तेलंगणाची वाट धरीन. रडीन, ऊर बडवीन. तोंडात शापबी येईन, भाऊ, येईनच. पन तुमच्या लेकराले तो लागू देनार नाई. गिळून घेईन. एवढं वचन घ्या माह्यं.

तुमच्या बोडीवर जगलेली,
शेवंता