शिवदोऱ्याला बांधलेला टॅग

३ जानेवारी

अप्पांना आज महबूबचाचा घेऊन आले. मोटरसायकलवर मागे बसवून, एक हात मागे नेऊन त्यांना धरलेलं. चाचांचं पंक्चरचं दुकान हायवेला लागून आहे. अप्पा दुभाजकावर उभे राहून ट्रकना हात करत होते. मुरुमला जायचंय, दुकान उघडायचंय. मुरुमचं कापडाचं दुकान विकून आम्ही उमरग्याला आलो त्याला बरीच वर्षं झाली.

चाचा जाताना म्हणाले, "बेटी, आज मेरी नजर पडली. रोज पडंल असं न्हाय."

दादाला सोलापूरला फोन केला. तो म्हणाला, बाहेरून कडी लाव. दसऱ्यानंतर एकदा कडी लावली होती. अप्पांनी हात सुजेपर्यंत दार बडवलं आणि कानडीत स्वतःच्या आईला हाका मारल्या. ते पुन्हा नको. दादाला म्हटलं, थोडे दिवस दे. "काय करणारेस?" सांगितलं नाही. तेव्हा मलाही पूर्ण ठाऊक नव्हतं.

७ जानेवारी

टॅग आला. नाण्यापेक्षा थोडा मोठा, आत गोल सेल.

अव्वाला, म्हणजे आईला, समजावलं. कानातले मोबाईलला जोडतात ते ब्लूटूथ, तेच हे. पण हा कशालाच जोडायचा नाही. थोड्या थोड्या वेळाने नुसतं आपलं नाव पुकारतो: मी इथं, मी इथं. कुणी ऐकतंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाहेरच्या खोलीत मी बसवलेला सर्किट बोर्ड ते ऐकतो. ऐकू येतंय तोवर हिरवा दिवा. येईनासं झालं की भोंगा.

"म्हंजी अप्पा कुटं हाईत ते सांगतंय?"

नाही. जवळ आहेत की नाहीत एवढंच.

"तेवढं मी बी सांगते की. जागी असले तर."

अप्पा रात्री झोपू देत नाहीत. ती दुपारी पडते. अप्पा जातात ते तेव्हाच.

११ जानेवारी

टॅग ठेवायचा कुठे, एवढाच प्रश्न राहिला आहे आणि तोच सुटत नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवला, तो बादलीत भिजला. नवीन मागवला. मनगटाला बांधला, दाताने सोडला. चपलेत बसवला, तर अनवाणी निघाले. टोपीत शिवला, टोपी बाकावर विसरले.

अप्पांच्या अंगावरून कधीच निघत नाही अशी एकच वस्तू आहे. गळ्यातलं लिंग, आम्हा लिंगायतांचं. जन्मानंतर स्वामींनी बांधलं तेव्हापासून. अंघोळीला, झोपेत, आजारपणात. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशी भांडून हातात धरून ठेवलं होतं. पूजेपुरतं तळहातावर घेतात आणि परत गळ्यात.

अव्वाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "लिंगाजवळ बॅटरी?"

१२ जानेवारी

आज अप्पांची सकाळ चांगली होती, म्हणून त्यांनाच विचारलं. टॅग हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला.

"हे काय करतंय?"

सारखं सांगत राहतं की मी इथं आहे.

"सारखं? मग आपल्या स्वामींसारखंच की." खूप दिवसांनी हसले. मग म्हणाले, "बांध. पण गळ्यात राहायचं तर दीक्षा द्यावी लागंल त्याला."

अव्वाही हसली.

१३ जानेवारी

लिंगाच्या चांदीच्या डबीत टॅग घालून पाहिला. सिग्नल जवळजवळ गायब. अपेक्षित होतं, धातूची पेटी बंद केली की आतला आवाज आतच. मग लाल कापडाची छोटी पिशवी शिवली आणि डबीच्या वर शिवदोऱ्याला, डबी गळ्यात अडकवायच्या दोऱ्याला, बांधली. डबीपासून जरा लांब.

खोलीत सिग्नलचा आकडा वजा पन्नासच्या आसपास. गल्लीच्या तोंडाशी वजा नव्वद, मग काही नाही. शून्यापासून जितका लांब तितका आवाज क्षीण. अप्पांनी पाठ केली की घरातही आकडा घसरतो. माणसाचं अंग बहुतेक पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. म्हणून भोंग्याला थोडा उशीर ठेवला. अप्पा कुशीवर वळले म्हणून घर गोळा व्हायला नको.

१९ जानेवारी

चाललं. भोंगा झाला, अव्वा पदर खोचून धावली, अप्पा गिरणीपाशी सापडले. गिरणीवाल्याशी ज्वारीच्या भावावरून वाद घालत होते.

दादाला कळवलं. "बरं," म्हणाला. कडीचा विषय काढला नाही.

२७ जानेवारी

कॉलेजात मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते, आज हाच धडा: कमी पल्ल्याचा बिनतारी संपर्क. मोबाईलवर आजूबाजूची उपकरणं दाखवली. यादीत एक नाव निघालं, "सासऱ्याचा स्पीकर". वर्गात हशा पिकला. मालक शेवटपर्यंत उभा राहिला नाही.

फळ्यावर लिहिलं: सिग्नल येतो म्हणजे उपकरण जवळ आहे. याहून जास्त काही समजू नका.

मुलांनी उतरवून घेतलं.

५ फेब्रुवारी

अप्पांनी आज मला कानडीत विचारलं, "यारव्वा नी?" कोण गं तू.

नाव सांगितलं. मान हलवली, सौजन्याने, दुकानात नवीन गिऱ्हाईक आल्यावर हलवायचे तशी.

भोंगा दोनदा. दोन्ही वेळा अव्वा वेळेत पोचली. आता तिचा दिव्यावर विश्वास बसला आहे. दुपारी डोळा उघडला की आधी दिवा बघते, हिरवा असला की कूस बदलते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली आहेत. हे माझ्यामुळे, असं मनात आलं.

१४ फेब्रुवारी

पूजेनंतर अप्पा तसेच बसून होते. लिंग डाव्या तळहातावर, शिवदोरा मांडीवर. पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं. मी डबीत ठेवून गळ्यात घातलं. त्यांनी घालू दिलं.

सेल ठीक. आकडे ठीक.

२० फेब्रुवारी

अप्पा नाहीत.

जमेल तसं लिहिते. मी कॉलेजात होते. दुपारी दादाने सहज फोन केला, अव्वाला विचारलं अप्पा काय करतायत. ती पडल्या पडल्याच म्हणाली, "हाईत की. दिवा हिरवाय." संध्याकाळी मी आले. दिवा हिरवाच. आकडा वजा बावन्न. मी पर्स ठेवली, चहा टाकला. अप्पांचा कप घेऊन आत गेले.

लिंग देवघरात होतं. पाटावर, स्वच्छ वस्त्रावर. शिवदोऱ्याची नीट गुंडाळी केलेली. विभूती लावलेली, वर जास्वंदीचं फूल. शेजारी माझी लाल पिशवी, तिलाही विभूतीची तीन बोटं.

पूजा करून उठले आणि गळ्यात घालायचं विसरून गेले. किंवा विसरले नाहीत. हे मला कधी कळणार नाही.

दिवा खोटं बोलला नाही. टॅग घरात होता.

२१ फेब्रुवारी

पोलिसात तक्रार दिली. ओळखीची खूण विचारली. सवयीने म्हटलं, गळ्यात लिंग. मग खोडायला सांगितलं.

महबूबचाचा दुकान बंद करून नळदुर्गच्या बाजूला गेले आहेत, प्रत्येक ढाब्यावर विचारत. मी मुरुमला जाऊन आले. आपल्या जुन्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. मालक म्हणाला, दिवाळीच्या सुमारास एक म्हातारे आले होते, कुलूप शोधत होते. दिवाळीच्या सुमारास.

हायवेने चालताना हात आपोआप मोबाईलकडे गेला. स्कॅन. ट्रकचे स्पीकर, घड्याळं, कानातले, सगळे पुकारत होते. त्यात अप्पा असण्याचं काही कारण नव्हतं. तरी पुढच्या वळणापर्यंत बंद केला नाही.

२२ फेब्रुवारी

दादा आला. रागावेल असं वाटलं होतं. त्याने पिशवीतून कडी काढली, नवीन, स्टीलची, आणि दाराला बाहेरून बसवायला लागला. ड्रिलचा आवाज. अव्वा म्हणाली, "आता कुणाला कोंडतोस रे?"

"आल्यावर लागंल की," म्हणाला. पाठमोराच होता.

२४ फेब्रुवारी

काकू भेटायला आल्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, लिंग आपणहून उतरवलं म्हणजे माणूस परत यायचा नाही हे समजून घ्यावं. अव्वाने त्यांना पाणीही विचारलं नाही.

त्या गेल्यावर मी बोर्ड काढायला घेतला. अव्वा ओरडली. ती कधी ओरडत नाही.

"राहू दे. बोलतंय तवर राहू दे."

तो अप्पांचं काही सांगत नाही अव्वा, असं म्हणणार होते. तिला ते माझ्याइतकंच माहीत आहे.

लिंगाची पूजा आता ती करते. स्वतःचं झालं की अप्पांचं. परत तिथेच ठेवते, शिवदोऱ्याची तशीच गुंडाळी करून.

२७ फेब्रुवारी

जीपमध्ये लिहिते आहे. अक्षर वाकडं येईल.

सकाळी महबूबचाचांचा फोन आला. नळदुर्गच्या अलीकडे एका ढाब्यावर कालपासून एक म्हातारे बसून आहेत. नाव सांगत नाहीत, बोलतात ते कानडीत, कुणाला नीट कळत नाही. फोटो काढायला गेलं की तोंड फिरवतात. "बेटी, मी अजून पोचलो न्हाय. ढाबेवाल्याने सांगितलं ते सांगतो. अप्पाच असतील असं म्हणत न्हाय." चाचा जपून बोलत होते. मला ते बरं वाटलं.

विचारलं, गळ्यात काही आहे का? ढाबेवाल्याला विचारून सांगितलं, काही नाही.

याने काहीच सिद्ध होत नाही. या पट्ट्यात गळ्यात काही नसलेले म्हातारे पुष्कळ असतील.

दादा जीप आणायला गेला. अव्वाने देवघरातून लिंग आणून माझ्या ओंजळीत ठेवलं, टॅगसकट. "तूच घाल त्यांच्या गळ्यात. त्यांना घालता यायचं न्हाय." ती आली नाही. चुकून ते घरीच आले तर दार उघडं पाहिजे म्हणाली.

मी डबी ओढणीत बांधून जीपमध्ये बसले. गल्लीच्या तोंडाशी दादाने वेग कमी केला आणि मागून भोंगा ऐकू आला. घरातून. बोर्डाला वाटलं, अप्पा आत्ता निघाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "बंद करून येऊ?"

मी मागे वळून पाहिलं. अव्वा दारात उभी होती, एक हात नव्या कडीवर. तीही बंद करायला आत जात नव्हती.

चल म्हटलं.

वाटेवरचं येणेगूर मागे गेलं. डबी मांडीवर आहे.