माझ्या खुर्चीतली सुपारी

नांदेड, रविवार

तीर्थस्वरूप गौरम्मा आत्याबाईंस दामिनीचा शरणु शरणार्थी.

"उठू नकोस गं, उठलीस की कुणीतरी बसंल." हे तू मला उदगीरच्या एका लग्नात, पंगतीत म्हणाली होतीस. मी दुसरीत असेन. तरी मी पाणी प्यायला उठले, आणि परत आले तर माझ्या पानावर खरंच कुणीतरी बसलं होतं. तूच. माझी जिलेबी खात होतीस आणि वर म्हणालीस, "तुझी जागा राखून राहिले." तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. हल्ली ते वाक्य रोज आठवतं, त्याचं कारण पुढे येईलच. आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. म्हैस अजून तुझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही का? (तिला समजाव. माणसाने, आणि म्हशीनेही, एकाच हातावर इतकं अवलंबून राहू नये.) इकडे बाळ सुखरूप आहे. चाळिशी उलटल्यावर झालेली मुलगी म्हणून घरात सगळे तिच्याकडे बघत बसतात, आणि ती कुणाकडेच बघत नाही. बापाने, म्हणजे राजशेखरनी, घेतलं तरी रडते. हे लक्षात ठेव.

बाळंतपणाची रजा संपत आली तशी मी बर्फीचा डबा घेऊन वजिराबादेतल्या आमच्या ऑफिसात गेले. तुला माहीत आहे, शरणप्पा शेठच्या डाळ मिलचे हिशेब मी लग्नाआधीपासून बघते. तर शटर अर्धं वर, आत कुणी नाही. पाटी काढलेली. टेबलं नाहीत, कपाटं नाहीत, फरशीवर सगळीकडे धूळ. फक्त माझं टेबल होतं तिथे लख्ख स्वच्छ चौकोन, जणू सकाळीच कुणी पुसून गेलं होतं. मी त्या चौकोनात उभी राहून रईसाला फोन लावला. (रईसा आमची टायपिस्ट. माझ्यापेक्षा बरीच लहान, मला बाजी म्हणते.) ती म्हणाली, "बाजी, आपलं ऑफिस तर कधीच लातूरला आलं ना." मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "पण तुम्ही तर आलात ना बाजी. खिडकीजवळ बसल्यात."

आत्या, त्या रिकाम्या खोलीत हे ऐकताना माझ्या हातातला डबा थंड पडला. बर्फी थंडच असते, पण तशी नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन लोहा, अहमदपूर करत एसटीने लातूर गाठलं. एमआयडीसीत नवी इमारत, ऑइलपेंटचा वास. आणि खिडकीजवळ, दाराकडे पाठ करून, मी बसलेली. म्हणजे माझी जुनी खुर्ची, तिच्या पाठीवर मी विसरलेलं माझं करडं स्वेटर. पुढे टेबलावर वाफाळता चहा. जवळ जाऊन बघितलं तर खुर्चीत विड्याचं पान, पानावर विभूती लावलेली एक सुपारी. उलगडा असा झाला की वास्तुपूजेला सगळा स्टाफ हजर हवा होता, आणि पूजेत जो गैरहजर त्याच्या जागी सुपारी मांडतात तशी पूजा सांगणाऱ्या स्वामींनी माझी मांडली. जिची आहे ती येईपर्यंत हलवू नका म्हणाले. आपले लोक किती आज्ञाधारक! तेव्हापासून तिला दोन वेळा चहा. तिच्या डोक्यावरचा पंखा लावला की थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. (मला डोक्यावर पंखा सोसत नाही, हे तुला माहीत आहे. वायरमनला मात्र माहीत नसणार.)

शेठ माणूस वाईट नाही. बाळाच्या हातात नोट कोंबली. मग मी रईसाने मोबाइलवर पाठवलेला कायदा पाठ म्हणून दाखवला: रजेवरच्या बाईला नोकरीवरून काढता येत नाही, आणि तिच्या मागे तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. शेठनी शाळेतल्या मुलाची कविता ऐकावी तशी मान डोलावली. म्हणाले, "कायदा कबूल हाय बाई. पण काढलं कुठं तुम्हाला? आन् इचारल्याबिगर केलं न्हाई. पूजेत स्वामींनी सगळ्यांना इचारलं, लातूरला यायला कुणाची हरकत? सगळे गप. तुमची सुपारी बी गप."

"शेठ, सुपारी काय बोलणार?"

"तेच की. बोलली न्हाई."

मी एवढंच मागितलं की मुलगी अंगावरचं दूध सोडेपर्यंत मला नांदेडच्या गोदामातल्या खोलीत बसू द्या, हिशेब सगळे कॉम्प्युटरवरच आहेत. त्यावर शेठ आवाज खाली आणून, खुर्चीकडे न बघता म्हणाले, "इथं बसलेल्या माणसाला नांदेडला कसं धाडू? सुपारी उठू द्या, मग बसा खुशाल गोदामात. न्हाईतर एक तारखेपासून रोज इथं या. जमत नसंल तर राजीनामा द्या." मग उचला की, म्हटलं, तर हात मागे. शेठनी स्वामींना फोन लावला. ते म्हणाले, जिची सुपारी तिने स्वतः उचलायची नाही. जिने तिचं नाव ठेवलं तिने उचलावी.

तेवढ्यात रईसाने हाक मारली, "दामिनीबाजी, चहा!" आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी "ओ" दिली. खिडकीजवळून. आवाज माझाच, फक्त झोप पूर्ण झालेला. मी रईसाकडे बघितलं. ती कप मांडत म्हणाली, "रोजचंच हाय बाजी. मला वाटलं तुम्हाला माहीत असंल." आणि आमची ही बया, जी सख्ख्या बापाकडे जात नाही, ती खुर्चीकडे दोन्ही हात पसरून खुदुखुदु हसत होती. घे म्हणत होती.

घरी आल्यावर राजशेखर म्हणाले, सोड ना नोकरी, कशाला रोजची सहा तासांची एसटी. प्रेमाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. आत्या, घरात आता मी बाळाची आई आहे, शेजारी बाळाची आई, दवाखान्यात बाळाची आई. मला ते आवडतं, इतकी वर्षं त्याचीच वाट बघितली. पण तू पाळण्यात माझ्या कानात जे नाव सांगितलंस त्या नावाने दिवसभर हाक मारणारी ऑफिस ही एकच जागा होती. तिथे आता ओ द्यायला दुसरी कुणी आहे. कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, तीही करणार आहे. पण ते विचारतील, तुमच्या जागी कुणाला बसवलं? काय सांगू?

बाकी सर्व क्षेम. थोरामोठ्यांना शरणार्थी.

तुझी,
दामिनी (अजून तरी)

ता. क. हे पत्र सहज लिहिलं आहे, काही मागण्यासाठी नाही.

ता. क. मागण्यासाठीच लिहिलं आहे. नाव तू ठेवलंस, तेव्हा सुपारी तुलाच उचलावी लागेल. जळकोटहून लातूर लांब नाही. तू नाही म्हणशील. म्हैस आहे, गुडघे आहेत, आणि लेकुरवाळीने घरी बसावं हे तुझं मत बारशाला सगळ्यांनी ऐकलंच आहे.

ता. क. तरीही आलीस तर एक कर. सुपारी उचललीस की खुर्ची क्षणभरही मोकळी ठेवू नकोस, लगेच तू बस. मी पलीकडच्या खोलीत बाळाला पाजून येईपर्यंत बसून राहा. कुणी दामिनी म्हणून हाक मारली तर ओ देऊ नकोस, दुसऱ्या कुणाला देऊ देऊ नकोस. मी धावत येईन. चहा येईल, तो माझ्या वाटचा आहे. खुशाल पी.