नव्या इमारतीतून कोणी 'आजी' लिहीना

३ तारीख, सोमवार
सूप उरलं. भांडं भरून उरलं. हिशेबखातं शुक्रवारी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं आणि आज तिकडून एक ऑर्डर नाही. वर्षानुवर्षं माझं खाऊन पोटं सुटलेली माणसं!
असो. नमस्कार, वहीबाई. डॉक्टर म्हणाले, राग मनात ठेवू नका, लिहून काढा. म्हणून तुला आणली. आजपासून मी रागावणार नाही.

४ तारीख, मंगळवार
आजही शून्य.
कंपनीचं कॅन्टीन माझं. कोणाला भूक लागली की कॉम्प्युटरवर नुसतं 'आजी' लिहायचं, की माझी साइट उघडते. काय शिजलंय ते बघायचं, बटण दाबायचं. पुढेमागे काही लिहायला नको. सून याच कंपनीत नेटवर्क सांभाळते, तिनं करून दिलं. म्हणजे डोकं माझं, बटणं तिनं दाबली.
दुपारी साहेब आले. म्हणाले, आजी, महिनाअखेरपर्यंत बघतो. नव्या इमारतीतून ऑर्डरी आल्या तर कॅन्टीन तुमचं. नाहीतर दोन्हीकडे मशीन लावतो, चहाचं आणि सूपचं. मी म्हटलं, मशीन विचारणार आहे का कोणाला, बाबा, आज चेहरा का उतरलाय? साहेब म्हणाले, नाही विचारणार, तोच तर फायदा. काही माणसांना आपण काय बोलतो तेच कळत नाही.

५ तारीख, बुधवार
सकाळी: संशय पक्का झाला. चष्मेवाल्यानं सगळ्यांना फितवलंय. हा हिशेबखात्याचा मुख्य. मागे एकदा म्हणाला, सूपमध्ये मीठ कमी आहे. मी म्हटलं, जीभ तपासून घे. एवढंच. तेव्हापासून डूख धरून बसलाय.
संध्याकाळी: सून म्हणते, आई, कोणी रुसलेलं नाही हो. आपल्या जुन्या इमारतीत नुसतं 'आजी' लिहिलं की कॉम्प्युटर आपणहून त्याच्यापुढे कंपनीचं लांबलचक नाव जोडतो. मग एका सर्व्हरला विचारतो, ही कुठे राहते? तो पत्ता देतो. नव्या इमारतीतल्या कॉम्प्युटरना ते नाव जोडायला अजून कोणी शिकवलं नाही. ते बिचारे नुसतं 'आजी, आजी' करत बसतात.
मी म्हटलं, अगं, आजीला हाक मारायला आडनाव लागतं का? म्हणाली, घरात नाही लागत. पण भर बाजारात कोणी 'आजी' म्हणून ओरडलं तर दहा जणी वळतील. मी म्हटलं, वळू देत. सूप कोणाकडे आहे ते वासावरून कळतं.
तिचं म्हणणं, सोमवारी मी त्यांना शिकवते, तोवर तिथे कागद चिकटवा, पूर्ण नाव लिहा म्हणून. आजी, मग टिंब, मग कंपनी, परत टिंब, मग शेपूट. मी साफ नाही म्हटलं. मी काय कोर्टात उभी आहे, पूर्ण नाव सांगायला?

६ तारीख, गुरुवार
स्वतः गेले. गोड बोलायचं ठरवून गेले. जिना चढेपर्यंत गोडच होते.
चष्मेवाल्याला नमकहराम म्हटलं. म्हणाला, आजी, रोज लिहितो हो, उघडतच नाही. बघा. आणि लिहून दाखवलं. साइट सापडत नाही असं आलं. नाटक नुसतं! जो माणूस अख्ख्या कंपनीचे पगार दहा बोटांनी बडवतो, तो माझ्यापुढे एका बोटानं 'आजी' लिहितो?
दुपारी त्यांच्यातले तिघं रस्ता ओलांडून चालत आले. म्हणे, साइट उघडत नाही म्हणून पायी आलो, वाढा. मी परत पाठवलं. साहेब मोजणार साइटवरच्या ऑर्डरी, हे पायी आलेले माझ्या काय कामाचे? आधी 'आजी' लिहा, मग खा. एक जण बराच वेळ उकडलेल्या अंड्यांकडे बघत उभा राहिला. मग गेला.
चांगला वचक बसला.

७ तारीख, शुक्रवार
सून म्हणाली, आई, तुम्ही भुकेल्या माणसांना हाकललंत? मी रागावले नाही. फक्त झाकण ठेवलं. कडी तुटली. हल्ली भांडी काय दर्जाची येतात!

१० तारीख, सोमवार
सून दारातून काहीतरी सांगत होती, ते नेटवर्कचं. मी म्हटलं, मला कामं आहेत. ऑर्डरी येऊ देत, मग बोल.
ऑर्डरी नाहीत.

१४ तारीख, शुक्रवार
आठवडा कोरडा. सूप अर्धंच करते, तेही उरतं. शेवटी साहेबांकडे सुनेची तक्रार केली. नातं घरी, काम इथे. म्हटलं, तिच्या ढिलाईनं माझं नाव तिकडे पोचत नाही, सोमवारी माझ्याबरोबर चला, डोळ्यांनी बघा. साहेब तयार झाले.
सून घरी बोलत नाही. बरंच आहे, टीव्ही नीट ऐकू येतो.

१७ तारीख, सोमवार
गेलो. साहेब, मी आणि मागे तोंड मिटून सून. मी चष्मेवाल्याला उठवून त्याच्या खुर्चीत बसले. साहेबांना म्हटलं, आता बघा कसं उघडत नाही ते. एकेक अक्षर शोधून 'आजी' लिहिलं.
उघडलं. सूप, पाव, अंडी, सगळं आलं.
मी म्हटलं, भिऊन आत्ता केलं हिनं. सून म्हणाली, गेल्या सोमवारीच झालंय, आई. तेच सांगायला आले होते.
साहेबांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, उघडतं हो साहेब, आठवडाभर उघडतंय. पण आम्ही आता घरून डबे आणतो. खिडकीत डबे ओळीनं मांडले होते. त्या दिवशी अंड्यांकडे बघत उभा राहिलेला, त्याचा डबा सगळ्यांत मोठा.
साहेब म्हणाले, मग आजी, ऑर्डरी का नाहीत? मी म्हटलं, नव्या रंगाच्या वासानं भूक मरते. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं मी काही बोललेही नव्हते.
ऑर्डरी का नाहीत ते सांगायला साहेबांनी मला उद्या दहाला बोलावलंय. नेटवर्क सुनेचं आहे. जायचं तिनं, उत्तर द्यायचं तिनं. मला कोणी हाक मारायची नाही.