जुना तुकडा

आचरा, २ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि जावईबापू ओरडून बोलले की भांडतायत असं वाटतं, म्हणून लिहितोय. जीपच्या चासीचा मागचा आडवा मेंबर, म्हणजे बाकाखालची लोखंडी तुळई, गंजला म्हणून गाडी मरोळच्या कुणा आकाशकडे टाकलीस, तेही मला न विचारता. तीस वर्षं मी त्याच मरोळला वेल्डिंग केलंय. ही जमात मला माहीत आहे. गंजावर पत्रा मारतील, वर काळा रंग फासतील आणि नवा मेंबर बसवला म्हणून तुला पेढा देतील. शिमग्याला प्रांजलला मागच्या बाकावर बसवून तू कशेडी घाट उतरणार आहेस, ध्यानात ठेव.

कापलेला जुना तुकडा एसटीच्या पार्सलने इकडे पाठव. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानणार नाही. आजवर त्या गाडीला परक्याचा हात लागलेला नाही.

आजोबांचा पापा प्रांजलला.
तुझे बाबा

मरोळ, ९ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आकाशला वाचून दाखवलं. तो हसला नाही, हे त्याचं नशीब. तुमचं वाचून मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरले आणि मेंबरला टोचून बघितलं. डाव्या बाजूला तो मुठीपर्यंत आत गेला. माझी वाटच लागली. आता पूर्ण मेंबर बदलायचा, ठिगळ नाही, असं मी त्याला बजावलंय. रोज संध्याकाळी जाऊन उभी राहते, तुमचीच मुलगी ना!

गाडी भंगारात द्या असं हे म्हणतात. मी ऐकत नाही, ते आईसाठी. फार वर्षांपूर्वी एकदा शिमग्याला गावी जाताना तुम्ही सगळा घाट आरशातून तिच्याकडे बघत होतात, हे ती शेवटच्या आजारपणातही नर्सला सांगायची.

लोभ वाढवा, संशय जरा आवरा.
श्रुतिका

मरोळ, १७ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मेंबर कापला. जाड काळ्या रंगाखाली आधीच एक पत्रा मारलेला निघाला, आणि त्याच्या आत नुसता भुगा. वेल्डिंगचे टाके इतके एकसारखे, की आकाश म्हणाला, हात कसलेला आहे पण नियत खोटी.

मला पहिला संशय तुमच्या दोस्ताचा, दादूकाकांचा आला. खारदांड्याला होड्या ओढायला गाडी तेच न्यायचे. रविवारी जाऊन त्यांना विचारलं. एकदा होडी ओढताना हुक मेंबरसकट फाटला, हे त्यांनी कबूल केलं. पण गाडी तशीच तुमच्या दारात आणून लावली, पुढचं सीतारामला, म्हणजे तुम्हाला, ठाऊक, असं म्हणून ते जाळं विणत बसले.

बाबा, परक्याचा हात लागला नाही असं तुम्हीच लिहिलंत. मग तो पत्रा कोणी मारला? तुकडा बांधून ठेवलाय. पाठवू का?

उत्तराची वाट बघते.
श्रुतिका

आचरा, २४ फेब्रुवारी

चि. श्रुतिकास आशीर्वाद.

तुकडा पाठवू नकोस. मी ओळखतो तो.

दादूने गाडी दारात आणून लावली, तेव्हा तो शिमगा दोन दिवसांवर होता. मेंबर बदलायचा तर गाडी आठ दिवस उघडी पडली असती, आणि तुझ्या आईने पालखीच्या ओटीचं सामान बांधून ठेवलं होतं. म्हणून रविवारी कारखान्यातून पत्रा आणला आणि मारला. नंतर नीट करू म्हणता म्हणता राहिलं. आकाशला सांग, बोलला ते बरोबर बोलला. म्हातारा सगळ्यांवर संशय घेतो, कारण लबाडी कशी करतात ते त्याने करून बघितलंय. मला माझीच लाज वाटते, पोरी.

तुझी आई मागच्या बाकावर होती, बरोबर त्या पत्र्यावर. आरशात मी तिला बघत नव्हतो. गाडीची मागची बाजू खचते का ते बघत होतो. तिला वाटलं, हा माणूस आज आपल्यावर भाळलाय. तिने लाजून पदर सारखा केला. मग मला खरं सांगवेना, ते कधीच सांगवलं नाही.

पण घाट संपून गाडी सपाटीला लागली, तरी मी आरशात बघतच होतो. तेव्हा पत्रा आठवतही नव्हता. तेवढं तिचं खरं होतं.

नव्या मेंबरवर प्रांजलला बसवून सावकाश ये. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझे बाबा