दृष्टीचं मीठ

आई, काल मी एक वेडेपणा केला. तो शेवटी सांगते.

दुष्काळाच्या त्या वर्षी आपलं सगळं मलकापूर उन्हानं रापलं होतं, म्हणून माझा रंग कुणाला खटकला नाही. पण माझ्या हिरड्याही काळ्या पडल्या होत्या. तिथं ऊन कुठून पोचणार? अंगात त्राण नव्हतं, सकाळी ओकाऱ्या व्हायच्या. तुला वाटलं, दृष्ट लागली. चुलीपुढं बसवून तू माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवतेस आणि मी तुझी मूठ उघडून मिठाचा खडा तोंडात टाकते. "आगं, दिष्टीचं मीठ खात्यात व्हय? थुक आधी, भवाने!" पाठीत धपाटा बसतो. मी थुंकत नाही, चघळत राहते. त्या खड्याइतकं गोड तेव्हा मला काहीच लागत नव्हतं.

बाजारात चक्कर येऊन पडले, तेव्हा तू मला सांगलीला नेलंस. डॉक्टरांनी तळहातांच्या काळ्या रेघा पाहिल्या. "मीठ फार खाते का?" तू ओशाळलीस. "चोरून खाती, सायेब." ते हसले नाहीत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कमी पडताहेत, म्हणाले. त्यामुळे अंगात मीठ टिकत नाही. मोठ्या माणसांना हे बरेचदा क्षयानं होतं. मुलांमध्ये कधी शरीरच आपल्या ग्रंथींवर उलटतं, तर कधी दोष जन्माचा असतो, एकाच आईबापाच्या दोन मुलांत येतो. "घरात आधी असं कुणी गेलंय?"

पदराचं टोक पिळत तू म्हणालीस, "थोरला. त्योबी असाच काळा पडला. लय मीठ मागायचा. मी डबा वर फळीवर ठिवला."

"नुसत्या मिठानं वाचला नसता, बाई. गोळी लागते."

गोळीनं मी उठले. डॉक्टरांचं ते बोलणं तुला पटलं की नाही, हे मात्र कधी विचारता आलं नाही. घरी आल्यावर मिठाचा डबा खाली आला. माझ्या ताटात तू आधी मीठ वाढायचीस, आणि कावळ्याला दादाचा घास ठेवताना त्यावरही एक खडा.

आता घरात मी एकटीच. गोळी वेळेवर घेते, काळजी नसावी. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे. स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाही, असं तू म्हणायचीस. तरी काल संध्याकाळी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, अंगावरून उतरवल्या. मोहऱ्या तापल्या तव्यावर टाकल्या. मिठाचा खडा तोंडात टाकला, आणि धपाट्यासाठी थोडा वेळ पाठ वाकवून बसले.